फोटो ब्लर येतोय? स्क्रीनवर मोठं करून फोकस करा

अनेक घरांमध्ये एक डीएसएलआर कॅमेरा कपाटात पडून असतो. सात-आठ वर्षांपूर्वी कोणाच्या तरी लग्नाच्या निमित्ताने किंवा पहिल्या बोनसमधून घेतलेला. सुरुवातीला तो ट्रिपला गेला, बारशाला वापरला गेला. मग मोबाइलचे कॅमेरे सुधारले आणि याची बॅग वरच्या कप्प्यात गेली. ‘एवढे पैसे घातले, पण फोटो मोबाइलचेच छान येतात,’ ही तक्रार तुम्हीही ऐकली असेल. कदाचित केलीही असेल.

आता त्या कॅमेऱ्यातले जुने फोटो कॉम्प्युटरवर मोठे करून पाहा. बहुतेक वेळा रंग ठीक असतात, उजेडही ठीक असतो. फक्त बाळाच्या डोळ्यांऐवजी कान शार्प असतो, आजीच्या चेहऱ्याऐवजी तिच्या पदराचा काठ. म्हणजे फोकस दोन बोटं पुढे किंवा मागे गेलेला असतो. त्यासाठी नवीन लेन्स घ्यायची गरज नाही. त्याच कॅमेऱ्यावर लाइव्ह व्ह्यू नावाची सोय आहे, एका बटणावर. बहुतेकांनी ते चुकून दाबलं असेल, ‘अरे, हे काय झालं’ म्हणून लगेच बंद केलं असेल आणि पुन्हा डोळा व्ह्यूफाइंडरला लावला असेल.

खरं तर लाइव्ह व्ह्यू तुम्हाला येतोच. मोबाइलचा कॅमेरा कायम लाइव्ह व्ह्यूमध्येच असतो. समोरचं दृश्य स्क्रीनवर दिसतं, बोट लावलं की तिथे फोकस होतो. डीएसएलआरमध्येही हेच करायचं आहे, फक्त तिथे आणखी एक पायरी आहे आणि सगळी जादू त्या पायरीतच आहे.

आरशात दिसतं ते आणि सेन्सरवर पडतं ते

डीएसएलआरच्या पोटात, लेन्सच्या मागे एक तिरका आरसा असतो. लेन्समधून आलेलं दृश्य या आरशावर आपटून वर जातं आणि व्ह्यूफाइंडरमधून तुमच्या डोळ्यापर्यंत पोहोचतं. थोडा प्रकाश आरशातून पार होऊन त्याच्यामागच्या छोट्या दुसऱ्या आरशावर पडतो आणि तिथून कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेल्या फोकसच्या वेगळ्या सेन्सरकडे जातो. तुम्ही बटण अर्धं दाबता तेव्हा फोकस ठरवतो तो हा तळाचा सेन्सर. फोटो मात्र काढतो मागचा मुख्य सेन्सर. बटण पूर्ण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश त्या मुख्य सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज आरशाचा आणि शटरचा.

म्हणजे फोकस एकाने पाहायचा आणि फोटो दुसऱ्याने काढायचा, अशी ही व्यवस्था आहे. लेन्सपासून दोघांचं अंतर अगदी सारखं असेल तरच ती बरोबर चालते. केसभर फरक पडला तरी प्रत्येक फोटोत फोकस थोडा पुढे किंवा थोडा मागे पडतो. डोंगर-दऱ्यांच्या फोटोत ते कळतही नाही. पण जवळून काढलेल्या चेहऱ्यात डोळा आणि कान यांच्यातलं अंतर तरी किती असतं!

लाइव्ह व्ह्यू सुरू केला की आरसा वर जाऊन तिथेच थांबतो, शटर उघडं राहतं आणि मुख्य सेन्सरला जे दिसतंय तेच स्क्रीनवर येतं. आता फोकस पाहणारा आणि फोटो काढणारा एकच. आणखी एक फायदा आहे. साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्याचा साधारण ९५ टक्केच भाग दिसतो. म्हणून घरी आल्यावर फोटोच्या कडेला कोणाचा तरी कोपर किंवा प्लास्टिकची लाल खुर्ची सापडते. स्क्रीनवर जवळपास सगळी चौकट दिसते, त्यामुळे खुर्ची आधीच हलवता येते.

काळ्या कापडात डोकं घालणारे फोटोग्राफर

जुन्या सिनेमांत तुम्ही पाहिलं असेल, तीन पायांच्या घोडीवर भलामोठा लाकडी कॅमेरा आणि फोटोग्राफरचं डोकं काळ्या कापडाच्या आत. तो आत नेमकं काय करायचा? कॅमेऱ्याच्या मागे दुधी काच असायची. लेन्समधून आलेलं दृश्य त्या काचेवर उलटं, डोकं खाली पाय वर असं उमटायचं. बाहेरच्या उजेडात ते अंधूक दिसायचं म्हणून काळं कापड. फोटोग्राफर त्या काचेवर भिंग ठेवून फोकस जुळवायचा, मग काच जिथे होती नेमकं तिथे प्लेट सरकवायचा आणि फोटो घ्यायचा. एकोणिसाव्या शतकात राजा दीनदयाळ यांनी भारतातले राजवाडे आणि संस्थानिक टिपले ते अशाच मोठ्या कॅमेऱ्यांनी, काचेच्या प्लेटवर. फोकस जिथे पाहायचा तिथेच चित्र उमटवायचं आणि भिंगाने पाहून खात्री करायची, हे त्यांचं तंत्र. लाइव्ह व्ह्यूचंही तेच आहे, फक्त चित्र सुलटं दिसतं आणि कापड लागत नाही. (भर उन्हात कापड लागतं, ते पुढे येईलच.)

डिजिटल कॅमेऱ्याच्या मागे अशी जिवंत स्क्रीन १९९५ मध्ये बाजारात आलेल्या कॅसिओच्या क्यूव्ही-१० या छोट्या कॅमेऱ्यामुळे घरोघरच्या ग्राहकांपर्यंत पोहोचली. डीएसएलआरला मात्र ही सोय मिळायला वेळ लागला, कारण मध्ये आरसा होता. गंमत म्हणजे सुरुवातीच्या काळात ती मिळाली आकाश पाहणाऱ्यांना. कॅननने २००५ मध्ये तारे-नक्षत्रांचे फोटो काढणाऱ्यांसाठी २०डीए नावाचा खास कॅमेरा आणला. त्यात तारा स्क्रीनवर मोठा करून फोकस करता यायचा. रात्रीच्या आकाशात ऑटोफोकस हात टेकतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये अंधूक तारा दिसता दिसत नाही, त्यामुळे गरज सर्वांत जास्त त्यांनाच होती. पुढच्या वर्षी ऑलिम्पसचा ई-३३० आला आणि २००७-०८ नंतर ही सोय एकेक करत साध्या डीएसएलआरमध्येही आली. तुमच्या कपाटातला कॅमेरा त्यानंतरचा असेल तर त्यात लाइव्ह व्ह्यू असण्याची दाट शक्यता आहे.

बटण शोधा, मग भिंग शोधा

कॅननच्या बहुतेक कॅमेऱ्यांवर व्ह्यूफाइंडरच्या उजवीकडे छोट्या कॅमेऱ्याचं चित्र आणि लाल ठिपका असलेलं बटण असतं. निकॉनवर ‘एलव्ही’ या इंग्रजी अक्षरांचं बटण किंवा खटका शोधा. दाबलं की आरसा वर जाईल आणि स्क्रीन जिवंत होईल.

इथपर्यंत येऊन बरेच जण फोटो काढतात, तो पुन्हा ब्लर येतो आणि लाइव्ह व्ह्यूही काही कामाचा नाही असं ठरतं. त्यांची ती जादूची पायरी राहिलेली असते. थोडा हिशेब करू. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा म्हणजे फोटोत २ कोटी ४० लाख पिक्सेल. साध्या डीएसएलआरची तीन इंची स्क्रीन ९ लाख २० हजार डॉट्सची म्हणून सांगितली जाते, पण एका पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन डॉट लागतात. म्हणजे स्क्रीनवर खरे पिक्सेल सुमारे ३ लाख. फोटोतले जवळपास ८० पिक्सेल दाबून स्क्रीनवर एक पिक्सेल केला जातो. इतक्या आकसलेल्या चित्रात थोडा हललेला, थोडा फोकस सुटलेला फोटोही छान शार्पच दिसतो. घरी टीव्हीवर लावला की खरं काय ते कळतं, पण तोपर्यंत पाहुणे आपापल्या गावी गेलेले असतात.

म्हणून भिंगाचं बटण. कॅमेऱ्याच्या मागे अधिक चिन्ह असलेल्या भिंगाचं चित्र असतं. लाइव्ह व्ह्यूमध्ये स्क्रीनवर एक चौकोन दिसतो, तो बाणांच्या बटणांनी हव्या त्या जागी न्या. डोळा, पाकळी, अक्षर, जे शार्प हवं त्यावर. मग भिंग दाबा. कॅननच्या साध्या मॉडेलमध्ये एकदा दाबल्यावर ५ पट, पुन्हा दाबल्यावर १० पट मोठं दिसतं. हा लेन्सचा झूम नाही, फोटोची चौकट बदलत नाही. फक्त तेवढाच तुकडा स्क्रीनभर होतो. भिंग दाबूनही काही होत नसेल तर फोकसचा पर्याय तपासा. चेहरा ओळखण्याचा पर्याय चालू असताना काही कॅमेरे चित्र मोठं करून देत नाहीत, एकाच बिंदूचा पर्याय निवडला की देतात.

आता लेन्सवरचं बटण एएफवरून एमएफवर सरकवा, म्हणजे फोकस तुमच्या हातात. काही नव्या लेन्सवर असं बटण नसतं, त्यांच्यासाठी मेनूत पर्याय असतो. फोकसची रिंग हळूहळू फिरवा. चित्र शार्प होत जाईल. तिथे थांबू नका, मुद्दाम थोडी पुढे फिरवा, ते पुन्हा धूसर होईल. मग मागे या. दोन्हीकडचं धूसर पाहिलं की मधली शार्प जागा डोळ्याला चटकन सापडते. जुना रेडिओ ट्यून करणाऱ्या आजोबांना हे समजावून सांगावं लागणार नाही. रिंग फिरवूनही फरक पडत नसेल तर शटरचं बटण अर्धं दाबून धरा आणि फिरवा. बऱ्याच छोट्या लेन्सची रिंग मोटरवर चालते, कॅमेरा झोपला असेल तर ती नुसतीच गोल फिरते.

रांगोळी, पणती आणि फराळाचं ताट

हलत नाही त्या प्रत्येक गोष्टीसाठी ही पद्धत उत्तम. दिवाळीत तर सगळं तयारच असतं. ट्रायपॉड नसेल तर दोन किलो तांदळाची कापडी पिशवी घ्या, स्टुलावर ठेवा, वर मधोमध खळगा करून कॅमेरा बसवा. स्वस्तातल्या हलक्या ट्रायपॉडपेक्षा ती जास्त स्थिर असते, हे माझं प्रामाणिक मत. दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बटण दाबताना बसणारा धक्का फोटोत येत नाही.

पणतीचा फोटो काढताना ज्योतीवर फोकस करू नका. ज्योत थरथरते आणि तिच्या कडा मऊ असतात. कॅमेरा पुढे-मागे शोधत राहतो, लेन्स नुसती घरघरते. साध्या डीएसएलआरचा लाइव्ह व्ह्यूमधला ऑटोफोकस उजेड-अंधाराच्या ठळक कडा शोधत काम करतो, त्यामुळे त्याला रेष लागते. पणतीचा काठ किंवा वातीचं टोक द्या, लगेच जमेल. फराळाच्या ताटात जवळच्या चकलीचे काटे द्या. पांढऱ्या भिंतीवर किंवा साध्या रंगाच्या साडीवर मात्र तो कितीही वेळ शोधत बसेल, ती त्याची चूक नाही.

एलईडीच्या माळा लावलेल्या असतील तर स्क्रीनवर कधी आडवे काळे पट्टे सरकताना दिसतात. कॅमेरा बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे आणि त्यावरचे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्याला ते कळत नाही, सेन्सरला कळतं. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, पट्टे बहुधा जातील.

कोजागिरीचा चंद्र

दुधाचं पातेलं गच्चीवर आलं की सगळे मोबाइल आकाशाकडे वळतात आणि सगळ्यांच्या फोटोत एकच पांढरा ठिपका येतो. तुमच्याकडे २५० किंवा ३०० मिलिमीटरची लेन्स असेल तर आज तुमचा दिवस. लाइव्ह व्ह्यू लावल्यावर सुरुवातीला चंद्र पांढरा गोळाच दिसेल, कारण कॅमेरा काळ्या आकाशाकडे पाहून उजेड वाढवतो. मॅन्युअल मोडवर जा. आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/११, शटर १/१०० किंवा त्याच्या आसपास. चंद्रावर तर ऊनच पडलेलं असतं, म्हणून दिवसासारखे आकडे चालतात. तुमच्या कॅमेऱ्यावर एवढं करूनही स्क्रीनवरचा गोळा पांढराच राहिला तर फोटो काढून पाहा, त्यात काळे डाग दिसतील.

आता चौकोन चंद्राच्या कडेवर न्या, १० पट मोठं करा, रिंग फिरवा. पौर्णिमेला ऊन समोरून पडतं, खड्ड्यांच्या सावल्या दिसत नाहीत. त्यामुळे खड्ड्यांपेक्षा कडेची रेष फोकससाठी बरी. (खड्ड्यांचा खरा थाट पाहायचा असेल तर अष्टमीच्या अर्ध्या चंद्राचा फोटो काढा. त्या दिवशी मसाला दूध मिळत नाही, एवढाच तोटा.) इतकं मोठं केल्यावर चंद्र चौकोनातून हळूहळू सरकत बाहेर जाताना दिसेल. ती आपली पृथ्वी फिरतेय. मुलांना बोलावून दाखवा.

सूर्याच्या बाबतीत मात्र हे मुळीच करू नका. झूम लेन्स लावून लाइव्ह व्ह्यूमध्ये सूर्याकडे कॅमेरा रोखला तर सेन्सर जळू शकतो, आणि व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तर डोळा. ग्रहणाच्या दिवशी लेन्सच्या पुढे सूर्यासाठी बनवलेला खास फिल्टर लावल्याशिवाय कॅमेरा बाहेर काढू नका. एक्स-रेची फिल्म आणि गॉगल यांच्यावर अजिबात भरवसा ठेवू नका.

स्क्रीन कधी विसरायची

धावणारं बाळ, दहीहंडीचे थर, क्रिकेट, कुत्रा. इथे साध्या डीएसएलआरचा लाइव्ह व्ह्यू तुम्हाला रडवेल. तो फोकस शोधेपर्यंत बाळ दुसऱ्या खोलीत पोहोचलेलं असतं. अशा वेळी मुकाट्याने व्ह्यूफाइंडर. तळाचा तो वेगळा सेन्सर अशाच घाईसाठी आहे. कॅननच्या ७०डीपासून, म्हणजे २०१३ पासून, काही मॉडेलमध्ये मुख्य सेन्सरवरच वेगवान फोकसची सोय आली. २००डी त्यातलाच. त्यांचा लाइव्ह व्ह्यू बऱ्यापैकी चपळ आहे. मिररलेस कॅमेऱ्यात तर आरसाच नाही. तिथे डोळा लावून पाहता तेही छोट्या स्क्रीनवरचं लाइव्ह व्ह्यूच असतं, त्यामुळे हा प्रश्नच उरत नाही.

पण घाईच्या एका क्षणासाठी लाइव्ह व्ह्यू फार कामाचा आहे. अंतरपाट दूर होतो तो क्षण. सगळे पुढे सरसावतात, अक्षता उडतात आणि कॅमेरा नेमका उडत्या तांदळावर फोकस करतो. नवरा-नवरी मागे धूसर. मंगलाष्टकं चालू असताना तुमच्याकडे काही मिनिटं असतात आणि दोघंही जागेवर स्तब्ध उभी असतात. तेव्हाच स्क्रीनवर नवरीच्या मुंडावळ्या मोठ्या करून फोकस करा, लेन्स एमएफवर टाका आणि रिंगला हात लावू नका. तुम्हीही पुढे-मागे होऊ नका. मग लाइव्ह व्ह्यू बंद करून व्ह्यूफाइंडरमधून पाहिलं तरी चालेल. ‘शुभमंगल सावधान’ झालं की नुसतं बटण दाबत राहा. फोकस आधीच ठरलेला आहे, अक्षतांनी कॅमेरा फसणार नाही. त्यानंतर लेन्स पुन्हा एएफवर आणायला विसरू नका, जेवणावळीचे फोटो बाकी असतात.

बाकी लहानसहान गोष्टी. लाइव्ह व्ह्यूमध्ये बॅटरी खूप लवकर संपते, म्हणून फोकस झाला की बंद करायची सवय लावा. खूप वेळ चालू ठेवला तर सेन्सर तापतो, काही कॅमेरे थर्मामीटरचं चित्र दाखवून सांगतात. कॅमेरा मोबाइलसारखा हात लांब करून धरू नका. तो जड आहे, हलणारच. कोपर अंगाला टेकवा, पट्टा गळ्यात ताणून धरा. आणि उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर ओढणी डोक्यावरून कॅमेऱ्यावर घ्या. लोक हसतील, पण राजा दीनदयाळही हेच करत होते.

डीएसएलआर नसेल तर मोबाइलवरही हे सगळं बऱ्यापैकी लागू होतं. आधी लेन्स रुमालाने पुसा. हव्या त्या जागी बोट दाबून धरा, बहुतेक फोनमध्ये फोकस तिथे लॉक होतो. आणि फोटो काढल्यावर लगेच दोन बोटांनी मोठा करून पाहा, माणसं जागेवरून हलायच्या आत.

पणजोबांचा एकुलता एक फोटो

ज्या कामासाठी कपाटातला कॅमेरा आजच खाली काढावा असं मला वाटतं, ते हे. बहुतेक कुटुंबांत एखादा फोटो असा असतो, ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही. फेटा बांधलेले पणजोबा, शेजारी नऊवारीत पणजी, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. तो इंदूरच्या काकांकडे असतो किंवा बडोद्याच्या आत्याकडे. कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्याला कसर लागलेली. सुट्टीत तुम्ही गेलात की तो एका दुपारपुरता तुमच्या हातात येतो. मोबाइलवर घाईत काढलेल्या त्याच्या फोटोत ट्यूबलाइट चमकते, एक बाजू धूसर असते आणि तोच मग सगळ्या ग्रुपवर फिरत राहतो. दहा वर्षांनी मूळ फोटो उरलाच नाही तर कुटुंबाकडे तेवढंच राहणार.

खिडकीजवळची भिंत निवडा, जिथे ऊन सरळ येत नाही. खोलीतले दिवे बंद करा. एका जाड, ताठ पुठ्ठ्यावर फोटो ठेवा. जुन्या अल्बममध्ये असायचे तसे कागदाचे चार कोपरे करून त्यांत तो अडकवा, त्याला चिकटपट्टी मुळीच लावू नका. पुठ्ठा भिंतीला सरळ उभा करा. खिडकीच्या विरुद्ध बाजूला पांढरी चादर किंवा थर्माकोल धरला की दोन्हीकडचा उजेड जवळपास सारखा होतो. फ्लॅश नको.

कॅमेरा समोर, ट्रायपॉडवर किंवा तांदळाच्या पिशवीवर, उंची फोटोच्या मध्याएवढी. १८-५५ची लेन्स असेल तर ५५च्या बाजूला ठेवा. १८च्या बाजूला सरळ रेषाही वाकड्या येतात. छोटा फोटो असेल तर जवळ जाता येतं, पण साधारण २५ सेंटीमीटरपेक्षा जवळ नाही, आणि हे अंतर कॅमेऱ्याच्या पाठीमागच्या भागातल्या सेन्सरपासून मोजायचं. अ‍ॅपर्चर एफ/८, आयएसओ १००, दोन सेकंदांचा टायमर. ट्रायपॉडवर आहात म्हणून लेन्सवरचं स्थिरतेचं बटण बंद.

आता कॅमेरा आणि फोटो समांतर आहेत का, हे पाहायची एक जुनी युक्ती. पर्समधला छोटा सपाट आरसा फोटोच्या मध्यावर पुठ्ठ्याला समांतर, हलक्या हाताने धरा. फोटोच्या पृष्ठभागावर तो घासू देऊ नका. लाइव्ह व्ह्यूमध्ये त्या आरशात तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब दिसेल. धूसर दिसेल, चालेल. ते स्क्रीनच्या मधोमध आलं की कॅमेरा सरळ. एका बाजूला दिसत असेल तर कॅमेरा थोडा सरकवा किंवा वळवा आणि पुन्हा पाहा. हे जमलं की चारही कोपरे एकसारखे शार्प येतात.

मग भिंग, १० पट. इथे साहजिकच आपण पणजोबांच्या डोळ्यांवर फोकस करायला जातो. तसं करू नका. शंभर वर्षांपूर्वीच्या फोटोत ते स्वतःच किंचित हललेले असू शकतात. मूळ चेहराच धूसर असेल तर रिंग कितीही फिरवा, तो शार्प होणार नाही आणि तुमचा नेमका फोकस कधी सापडणार नाही. त्याऐवजी कागदावर फोकस करा. एखादी चीर, शाईचा डाग, कोपऱ्यातला स्टुडिओचा उठावाचा शिक्का, कागदाचा पोत. ते तंतोतंत दिसलं की पणजोबा जितके शार्प आहेत तितके येणारच. त्यानंतर चौकोन चारही कोपऱ्यांना नेऊन पाहा.

फोटो काचेच्या फ्रेममध्ये असेल तर आधी हळूच पाहा, तो काचेला चिकटलाय का. चिकटला असेल तर ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, पापुद्रा सुटतो. काचेसकटच काढा. कॅमेऱ्याच्या मागे काळी साडी किंवा चादर धरायला कोणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत तुमचं प्रतिबिंब पडणार नाही. काचेत खिडकी उमटली असेल तर ती स्क्रीनवर आधीच दिसते. फ्रेम इंचभर वळवून पाहा, ती निघून जाते.

एकदा फोकस करून दहा फोटो काढू नका. प्रत्येक वेळी रिंग फिरवून फोकस मोडा, नव्याने जुळवा आणि मग काढा, असं चार-पाच वेळा. कॅमेऱ्यात रॉ फाइलचा पर्याय असेल तर तोही चालू ठेवा. लगेच फोटो उघडून भिंगाने शिक्का, फेटा, पणजीची नथ आणि कोपरे पाहा. त्यातला सर्वांत चांगला कोणता, ते काकांच्या घरीच ठरवा.

आणि फोटो परत कपाटात जाण्याआधी तो उलटा करा. मागे कोणाच्या तरी वळणदार हस्ताक्षरात, कदाचित मोडीत, नावं आणि साल लिहिलेलं असतं. तेही त्याच सेटिंगवर काढून घ्या. फोकस पुन्हा करा, यावेळी अक्षरांवर.